पीडितेच्या उंबरठ्यापासून दूर : संपर्कबंदीचा आदेश आणि इस्लामी शिकवण

मदीनेत अब्दुल्लाह बिन उबई नावाचा एक बडा सरदार होता. तो तोंडाने इस्लामचा स्वीकार केल्याचे सांगत असे, पण दांभिकांचा तो म्होरक्या होता. सहीह मुस्लिममधील निवेदनानुसार त्याच्याकडे मुसैका आणि उमैमा नावाच्या दोन दासी होत्या. कमाईसाठी तो त्यांना देहविक्रयास भाग पाडत असे. या दासींनी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आपली तक्रार मांडली. समाजाच्या उतरंडीत ज्यांच्यापेक्षा खालचे कोणी नव्हते, अशा या स्त्रियांनी नगरातील एका बलाढ्य माणसाविरुद्ध केलेली ही तक्रार होती. याच पार्श्वभूमीवर सूरह अन्-नूरच्या ३३ व्या आयतीतील तो आदेश अवतरला, ज्यात ऐहिक लाभासाठी दासींना देहविक्रयास भाग पाडण्याची मनाई केली गेली आणि ज्यांच्यावर अशी सक्ती झाली त्यांच्याबाबतीत अल्लाह क्षमाशील व दयाळू असल्याचे सांगितले गेले.

या आयतीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सक्ती झालेल्या स्त्रीच्या माथी कोणताही दोष उरत नाही. सगळा भार सक्ती करणाऱ्यावर जातो. दुसरी, पीडितेची तक्रार ऐकून घेतली जाते, मग आरोपी कितीही प्रतिष्ठित असो. परंतु येथे एक तिसरा प्रश्न उभा राहतो आणि तोच या लेखाचा विषय आहे. तक्रार केल्यानंतर पीडिता राहते कोठे? ज्याच्याविरुद्ध ती बोलली, तो त्याच गावात, त्याच गल्लीत, कधी त्याच घरात असतो. तो रस्त्यात अडवतो, फोन करतो, नातेवाइकांकरवी निरोप धाडतो. अशा वेळी तिला न्यायासोबत आणखी एका गोष्टीची गरज असते : अत्याचार करणाऱ्याने तिच्यापासून दूर राहावे, तिच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नये. आजच्या कायद्यात अशा आदेशाला सर्वसाधारणपणे संरक्षण आदेश किंवा मनाई हुकूम म्हणतात. त्याचा गाभा संपर्कबंदी हा आहे.

आपल्या भागातील वास्तव

नांदेड आणि लातूर हे जिल्हे सीमेवर वसलेले आहेत. नांदेडला तेलंगणा व कर्नाटकची हद्द लागते. लातूरमधील उदगीर आणि निलंगा या तालुक्यांपासून बिदर जवळ आहे. १९४८ पर्यंत हा संपूर्ण प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे निजामाबाद, बिदर आणि हैदराबादशी आपले सोयरसंबंध आजही टिकून आहेत. नातेसंबंधांची ही विशालता अल्लाहची देणगीच आहे. परंतु माणसांची फसवणूक करणारेही याच वाटांचा वापर करतात. पावसाने ओढ दिली की येथील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात ऊसतोडीला जातात, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. मागे राहिलेली किंवा सोबत नेलेली किशोरवयीन मुलगी ही या स्थलांतराची सर्वांत असुरक्षित कडी असते. शहरात घरकामाची नोकरी, हुंडा न मागणारे स्थळ, परराज्यातील सुखवस्तू वर : आमिषाचे स्वरूप बदलते, शेवट मात्र अनेकदा कुंटणखान्यात, बंद खोलीत किंवा नावापुरत्या निकाहात होतो. आखाती देशांतील वृद्ध पुरुषांशी हैदराबादेत लावल्या गेलेल्या अशा निकाहांचा प्रश्न १९९० च्या दशकापासून देशासमोर आहे. निकाहाचा खुत्बा वाचला म्हणून विक्री पवित्र होत नाही. ज्या हदीसे कुदसीत कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्यांच्या विरोधात उभा राहील अशा तिघांचा उल्लेख आहे, त्यांत स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाणाराही आहे. ही हदीस सहीह बुखारीत ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून उद्धृत आहे.

समजा, आपल्याच एखाद्या वस्तीतील सतरा वर्षांच्या मुलीला अशाच एखाद्या दलालाने परराज्यात नेले. पोलिसांनी तिची सुटका केली, गुन्हा नोंद झाला, ती घरी परतली. दलाल काही महिन्यांत जामिनावर सुटला. आता तो तिच्या मामाला भेटतो, तिच्या वडिलांनी घेतलेल्या उसन्या पैशांची आठवण करून देतो, एखाद्या वजनदार माणसाला मध्यस्थ घालतो आणि मुलीच्या मोबाइलवर तिची जुनी छायाचित्रे पाठवतो. त्याने तिला हातही लावलेला नाही. तरीही साक्षीच्या दिवशी ती मुलगी न्यायालयात तोंड उघडू शकेल काय? संपर्क हे अत्याचाराचेच पुढचे पाऊल असते. म्हणूनच तो रोखणे हा न्यायाचा भाग आहे.

प्रेषितांचे निर्णय काय शिकवतात?

या संदर्भात सुनन अबू दाऊदमधील एक घटना विचार करण्यासारखी आहे. ह. समुरा बिन जुन्दुब (रजि.) यांची काही खजुराची झाडे एका अन्सारी सहाबींच्या बागेत होती. ते अन्सारी आपल्या कुटुंबासह तेथे राहत. झाडांकडे जाण्यासाठी समुरा यांची सतत ये-जा होई आणि त्या कुटुंबाला त्रास होई. अन्सारींनी झाडे विकत मागितली, बदल्यात दुसरी देऊ केली. समुरा यांनी दोन्ही नाकारले. प्रकरण प्रेषितांपर्यंत गेले. त्यांनीही विक्रीचा, अदलाबदलीचा आणि शेवटी पुण्याच्या बदल्यात दान करण्याचा प्रस्ताव ठेवला. तोही मान्य झाला नाही, तेव्हा प्रेषितांनी समुरा यांना तुम्ही दुसऱ्याला त्रास देणारे आहात असे सांगितले आणि अन्सारींना ती झाडे उपटून टाकण्याची परवानगी दिली.

या निवेदनाच्या साखळीविषयी हदीसतज्ज्ञांनी चर्चा केली आहे, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु ज्या तत्त्वावर हा निर्णय उभा आहे ते तत्त्व इतरत्र भक्कमपणे सिद्ध आहे : कोणी कोणाला इजा पोहोचवू नये आणि इजेच्या बदल्यातही इजा करू नये. इब्ने माजा आणि इमाम मालिक यांच्या मुवत्तात ही हदीस आलेली आहे. याच आधारे धर्मशास्त्रज्ञांनी इजा दूर केली जाईल, हा नियम निश्चित केला आणि लाभ मिळवण्यापेक्षा अपाय टाळणे अग्रक्रमाचे मानले. आता घटनेकडे पुन्हा पाहा. समुरा यांची झाडे त्यांच्या मालकीची होती. येण्याजाण्याचा अधिकार खरा होता. त्यांच्यावर कोणत्याही लैंगिक गुन्ह्याचा आरोप नव्हता. तरीही एका कुटुंबाची घरातील शांतता त्यांच्या मालकी हक्कापेक्षा वरचढ ठरली. जेथे वैध अधिकारही थांबवला जाऊ शकतो, तेथे ज्याच्यावर अत्याचाराचा आरोप आहे अशा माणसाला पीडितेच्या दाराशी जाण्याचा कोणता अधिकार उरतो?

दुसरा आधार सूरह अल्-अहजाबमध्ये आहे. ५८ व्या आयतीत श्रद्धावंत पुरुष व स्त्रियांना त्यांनी काही केलेले नसताना त्रास देणाऱ्यांची निर्भर्त्सना आहे. ५९ व्या आयतीत स्त्रियांना त्रास होऊ नये म्हणून चादरीचा आदेश आहे. हा भाग आपण वारंवार ऐकतो. ६० वी आयत मात्र क्वचितच ऐकवली जाते. तीत दांभिक, मनात रोग असलेले आणि मदीनेत खळबळजनक अफवा पसरवणारे लोक आपल्या कृत्यांपासून थांबले नाहीत, तर प्रेषितांना त्यांच्यावर कारवाईसाठी उभे केले जाईल आणि मग ते त्या नगरात शेजारी म्हणून फार काळ राहू शकणार नाहीत, असा इशारा आहे. म्हणजे स्त्रीला चादर घेण्यास सांगून विषय संपवला गेलेला नाही. त्रास देणाऱ्याला शेजारातून हलवण्याची तरतूदही त्याच ओघात आली आहे. आपल्याकडे मुलीची शाळा बंद होते, तिला मावशीच्या गावी पाठवले जाते आणि त्रास देणारा चौकात उभाच राहतो. हा क्रम कुरआनच्या क्रमाच्या उलट आहे.

तिसरी घटना ह. वहशी (रजि.) यांची आहे. उहुदच्या युद्धात त्यांनी प्रेषितांचे चुलते ह. हमजा (रजि.) यांना ठार केले होते. पुढे ते इस्लाममध्ये आले. प्रेषितांनी त्यांचा इस्लाम स्वीकारला, सूड घेतला नाही. पण सहीह बुखारीतील निवेदनानुसार त्यांनी वहशींना विचारले की आपला चेहरा माझ्यापासून दूर ठेवणे तुम्हाला शक्य आहे काय? वहशी तेथून निघून गेले आणि त्यांनी ही विनंती पाळली. क्षमा आणि संपर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असू शकेल? ज्यांचे अंतःकरण सर्वांत विशाल होते, त्यांनाही आपल्या प्रियजनाच्या मारेकऱ्याचा चेहरा पुन्हा पुन्हा समोर नको होता आणि ही भावना त्यांनी लपवली नाही. मग सतरा वर्षांच्या मुलीकडून आपण त्यापेक्षा अधिक सहनशीलतेची अपेक्षा कोणत्या आधारावर करतो?

देशाचा कायदा कोणते संरक्षण देतो?

लैंगिक गुन्ह्यांच्या पीडितांच्या संरक्षणाचा भारतातील इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयातून आरोपी सुटल्यावर देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात सुधारणा झाली. बलात्काराच्या खटल्याची सुनावणी बंद कक्षात घेणे आणि पीडितेची ओळख उघड करणाऱ्यास शिक्षा या तरतुदी त्या सुधारणेतून आल्या. ओळख उघड करण्याची मनाई आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे आणि त्यासाठी २ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

थेट संपर्कबंदीची सर्वांत स्पष्ट तरतूद कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये आहे. त्याच्या कलम १८ नुसार न्यायदंडाधिकारी प्रतिवादीला पीडितेच्या कामाच्या ठिकाणी किंवा मूल असल्यास त्याच्या शाळेत जाण्यास आणि तिच्याशी प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, दूरध्वनीवरून अथवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून संपर्क साधण्यास मनाई करू शकतात. तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देण्यासही मनाई करता येते. निकड असेल तर दुसऱ्या बाजूला ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश देता येतो. आदेश मोडल्यास १ वर्षापर्यंत कारावास, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र हा कायदा एकाच घरात राहिलेल्या, रक्ताच्या, विवाहाच्या किंवा तत्सम नात्यातील व्यक्तींपुरता आहे. दलाल, मुकादम, शेजारी किंवा अनोळखी माणूस त्याच्या कक्षेत येत नाही.

ही उणीव काही देशांनी वेगळ्या रीतीने भरून काढली आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात २००४ पासून लैंगिक अत्याचाराच्या पीडितेला, आरोपीशी कोणतेही नाते नसले तरी, दिवाणी न्यायालयातून संपर्कबंदीचा आदेश मिळू शकतो. इंग्लंडमध्ये २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्यानुसार मानवी व्यापाराचा धोका असलेल्या व्यक्तीवर, गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीही, न्यायालय निर्बंध घालू शकते. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. परंतु म्हणून पीडिता निराधार आहे असे नव्हे. अनेक कायद्यांत विखुरलेल्या तरतुदी एकत्र केल्या तर जवळपास तेच संरक्षण उभे राहते. ते मागावे लागते, एवढेच.

पहिली तरतूद जामिनाची. २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या एका प्रकरणात आरोपीला जामीन देताना त्याने मिठाई घेऊन फिर्यादीच्या घरी जावे आणि तिच्याकडून राखी बांधून घ्यावी, अशी अट घातली. ज्या उंबरठ्याच्या आत त्याने अत्याचार केल्याचा आरोप होता, त्याच उंबरठ्यावर न्यायालयानेच त्याला पुन्हा पाठवले. १८ मार्च २०२१ रोजी अपर्णा भट विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली आणि देशभरातील न्यायालयांना निर्देश दिले. जामिनाच्या अटींतून आरोपी व पीडितेचा संपर्क घडवला जाऊ नये. त्रासाची शक्यता असेल तर संरक्षणाचा स्वतंत्र विचार करून आरोपीला संपर्क न साधण्याचा आदेश द्यावा. जामीन मिळताच फिर्यादीला तसे कळवावे आणि आदेशाची प्रत २ दिवसांत द्यावी. लग्नाची किंवा तडजोडीची सूचना न्यायालयाने करू नये. नांदेड, लातूर, उदगीर किंवा बिलोलीच्या न्यायालयात पीडितेच्या वतीने हा निकाल दाखवून संपर्कबंदीची अट मागता येते. अट मोडल्यास जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

दुसरी तरतूद साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ ची. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंदर चावला प्रकरणात तिला कायद्याचा दर्जा दिला. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. पोलिसांच्या धोका-विश्लेषण अहवालानंतर समिती साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत अशी व्यवस्था, घराजवळ गस्त, दूरध्वनी क्रमांक बदलणे, न्यायालयात ने-आण, तात्पुरते स्थलांतर असे उपाय करू शकते. तातडी असेल तर अंतरिम संरक्षणही मिळते. पीडिता ही खटल्यातील प्रमुख साक्षीदार असते, हे अनेक कुटुंबांच्या लक्षातच येत नाही.

तिसरी तरतूद अल्पवयीन मुलांसाठीची. पोक्सो कायद्यानुसार जबाब घेताना बालक कोणत्याही प्रकारे आरोपीच्या संपर्कात येणार नाही, याची खबरदारी पोलीस अधिकाऱ्याने घ्यायची असते आणि साक्षीच्या वेळी बालकाला आरोपी दिसणार नाही, याची काळजी न्यायालयाने घ्यायची असते.

चौथी तरतूद मानवी व्यापारातून सुटका झालेल्यांसाठीची. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ च्या कलम १७-अ नुसार सुटका झालेल्या व्यक्तीला आई-वडील, पालक किंवा पती यांच्या ताब्यात देण्यापूर्वी न्यायदंडाधिकारी त्यांच्या खरेपणाची व क्षमतेची चौकशी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घेऊ शकतात. याची गरज का, हे प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालातून कळते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यात सांगितले की १८ वर्षांखालील मुलींचा निर्णय बालकल्याण समितीने करावा, पालक योग्य असल्याची खात्री झाल्यावरच त्यांना सोपवावे, आणि दलाल किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याची बाजू मांडणाऱ्या वकिलाने त्याच प्रकरणात सुटका झालेल्या मुलींची बाजू मांडू नये. दलाल स्वतः आला नाही तरी त्याचा माणूस कागद घेऊन येतो, हे वास्तव ओळखून न्यायालयाने तो अप्रत्यक्ष संपर्कही तोडला.

याबरोबर एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सज्ञान स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात डांबून ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. संरक्षण म्हणजे कैद नव्हे. निर्बंध अत्याचाऱ्याच्या पावलांवर हवेत.

या शिवाय स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यानंतरही तिचा पाठलाग करणे, वारंवार संपर्क साधणे किंवा इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणे हा न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. साक्षीदाराला खोट्या साक्षीसाठी धमकावणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. फौजदारी प्रक्रियेबरोबरच दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवण्याचा मार्गही खुला आहे.

काही शंका आणि त्यांचे निरसन

पहिली शंका अशी मांडली जाते की कुरआनने समेटाला उत्तम म्हटले आहे, मग मध्यस्थी का करू नये? सूरह अन्-निसाच्या १२८ व्या आयतीत समेटाची प्रशंसा पती-पत्नीतील मतभेदाच्या संदर्भात आली आहे. तिरमिजीतील हदीसनुसार मुसलमानांमध्ये प्रत्येक समेट वैध आहे. अपवाद त्या समेटाचा, जो निषिद्धाला वैध किंवा वैधाला निषिद्ध ठरवतो. अत्याचार पैशांच्या बदल्यात दाबून टाकणे हा दुसऱ्या प्रकारचा व्यवहार आहे. शिवाय क्षमा हा पीडितेचा अधिकार आहे. तिच्या मामाचा, वस्तीतील वडीलधाऱ्यांचा किंवा मस्जिद कमिटीचा नव्हे. दुसऱ्याचा हक्क आपण माफ करू शकत नाही.

दुसरी शंका : त्याच मुलाशी निकाह लावून दिला तर मुलीची अब्रू वाचेल. येथे ह. खन्सा बिन्ते खिदाम (रजि.) यांची घटना आठवावी. वडिलांनी त्यांचा विवाह त्यांच्या इच्छेविरुद्ध लावला, तेव्हा प्रेषितांनी तो रद्द ठरवला. ह. बरीरा (रजि.) गुलामीतून मुक्त झाल्यावर त्यांनी पती मुगीस यांच्यापासून वेगळे होण्याचा अधिकार वापरला. मुगीस रडत त्यांच्या मागे मदीनेच्या गल्ल्यांतून फिरत. प्रेषितांनी बरीरांना परत जाण्याविषयी सुचवले. ही आज्ञा आहे काय, असे बरीरांनी विचारले. आज्ञा नाही, केवळ शिफारस आहे, असे उत्तर मिळताच त्यांनी नकार दिला आणि प्रेषितांनी तो स्वीकारला. मुगीस हे प्रेम करणारे पती होते, अत्याचारी नव्हते. तरीही बरीरांवर सक्ती झाली नाही. मग अत्याचाऱ्याशी निकाह लावण्याचा आग्रह कोणत्या सुन्नतमधून येतो? आणि अब्रूचे म्हणाल, तर सक्ती झालेल्या स्त्रीची अब्रू अल्लाहकडे कधी गेलेलीच नसते. मदीनेत पहाटेच्या नमाजसाठी निघालेल्या एका स्त्रीवर अत्याचार झाला, तेव्हा प्रेषितांनी तिच्यावर कोणताही दोष ठेवला नाही. ही हदीस तिरमिजी व अबू दाऊद यांनी उद्धृत केली आहे.

तिसरी शंका रास्त आहे : आरोप खोटा असेल तर? पुरावा देण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर आहे, हे शरीअतचे तत्त्व आहे आणि सूरह अन्-नूरमध्ये शीलवान स्त्रियांवर खोटा आळ घेणाऱ्यांसाठी कठोर शिक्षा सांगितली आहे. म्हणूनच शिक्षा पुराव्यानंतरच होईल. पण संपर्कबंदी ही शिक्षा नाही. निर्दोष माणसाला खटला संपेपर्यंत एका विशिष्ट घरापासून दूर राहावे लागले, तर त्याचे नुकसान थोडे आणि भरून निघणारे असते. दोषी माणूस त्या घरात पोहोचला, तर होणारे नुकसान भरून निघत नाही. दोन अपायांपैकी हलका स्वीकारून जड टाळावा, हा धर्मशास्त्राचाच नियम आहे.

आपली कर्तव्ये

सहीह बुखारीत एक प्रसिद्ध हदीस आहे : आपल्या भावाला मदत करा, तो अत्याचारी असो की अत्याचारपीडित. सहाबींनी विचारले की अत्याचाऱ्याला मदत कशी करावी? प्रेषितांनी सांगितले की त्याचा हात रोखून. या हदीसच्या प्रकाशात पुढील गोष्टी आपल्या हाती आहेत.

१. आरोपीचा निरोप, पैसे किंवा धमकी पीडितेच्या घरी पोहोचवू नका. जामिनाच्या अटी साक्षीदारांवर अप्रत्यक्ष दबाव आणण्यासही मनाई करतात, त्यामुळे मध्यस्थ स्वतःही गुन्ह्यात गुंतू शकतो. निरोप घेऊन आलेल्याला मस्जिदीचा दरवाजा दाखवा, पीडितेचा नको.

२. पीडितेचे नाव जुम्याच्या प्रवचनात, बैठकीत किंवा मोबाइलवरील गटांत घेऊ नका. ते पाप आहे आणि गुन्हाही.

३. अल्पवयीन मुलावरील अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याने सर्वांवर बंधनकारक आहे. गुन्हा परराज्यात घडला असला तरी आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते.

४. पीडितेच्या कुटुंबाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन जा. स्त्रिया, बालके आणि मानवी व्यापाराचे बळी यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वकिलामार्फत संपर्कबंदीची अट, साक्षीदार संरक्षण आणि जामीन आदेशाची प्रत आवर्जून मागा. विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक १५१००, महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये निवारा, समुपदेशन व कायदेशीर सल्ला एकाच ठिकाणी मिळतो.

५. धमकीचे संदेश पुसून टाकू नका. तारीख, वेळ आणि कॉलची नोंद जपून ठेवा व तपास अधिकारी आणि सरकारी वकिलांना द्या.

६. निकाह लावण्यापूर्वी काजींनी वधूचे वय, वराची ओळख व पत्ता आणि वधूची स्वतःची संमती पडताळून पाहावी. परक्या प्रांतातील स्थळ घाईने, साक्षीदार सोबत घेऊन आले असेल तर निकाह पुढे ढकलण्याचे धैर्य दाखवावे.

७. आई-वडिलांच्या डोक्यावरील उचल आणि कर्ज ही दलालाच्या हातातील सर्वांत मजबूत दोरी असते. जकातच्या आठ वाट्यांत कर्जदारांचाही एक वाटा आहे. बैतुलमालमधून ते कर्ज फेडणे म्हणजे त्या मुलीच्या गळ्यातील दोरी कापणे होय.

शेवटी अत्याचार करणाऱ्यालाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तौबाचे दार बंद नाही. पण माणसांच्या हक्कांच्या बाबतीत तौबाची पहिली अट अत्याचार थांबवणे ही आहे. जो खरोखर पश्चात्ताप करतो, तो पीडितेच्या दाराशी क्षमेचा आग्रह धरून उभा राहत नाही. तो न्यायालयासमोर सत्य सांगतो, शिक्षा स्वीकारतो आणि वहशींप्रमाणे आपला चेहरा तिच्यापासून दूर ठेवतो. सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत आपल्याला न्यायावर ठाम राहण्याचा आणि अल्लाहसाठी साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा आप्तांच्या विरोधात का जाईना. आरोपी आपल्या नात्यातला, आपल्या जमातीतला, आपल्याच सफमध्ये नमाजला उभा राहणारा असेल, तेव्हाच या आयतीवरील आपल्या ईमानची खरी परीक्षा होते.

मुसैका आणि उमैमा यांची तक्रार अल्लाहने ऐकली आणि ती कियामतपर्यंत वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात नोंदवली गेली. नांदेड-लातूरच्या एखाद्या घरात दाराची कडी लावून बसलेल्या मुलीची तक्रारही तोच अल्लाह ऐकत आहे. तिच्या दाराबाहेर आपण कोणाच्या बाजूने उभे होतो, याचा जाब आपल्याला द्यावा लागणार आहे.

हे अल्लाह! आम्हाला पीडितांच्या दाराचे रखवालदार बनव, अत्याचाऱ्याचा हात रोखण्याचे बळ दे आणि आमच्या लेकींना निर्भय जीवन प्रदान कर. आमीन.